हात वर होता की खाली

शनिवारी संध्याकाळी सामने संपले की वॉटी पर्डी स्वयंपाकघरातला रेडिओ लावायचा आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं रक्त आटवून घ्यायचा. ह्या कार्यक्रमाला त्याने कधी खाडा केला नाही. बायको एफी ओट्यापाशी बटाटे सोलत असायची. बटण फिरल्याचा आवाज आला की ती मागे न बघताच म्हणायची, "लावलास? म्हणजे आता जेवेपर्यंत तू माणसांत नाहीस."

रेडिओवर रॉडी हॉल्डेन बोलायचा. माजी आंतरराष्ट्रीय पंच, अशी त्याची ओळख दर दहा मिनिटांनी करून द्यायचे, जणू मधल्या वेळात लोक विसरलेच असतील. स्कॉटलंडभरातून लोक फोन करून आपापल्या संघाची रडगाणी गायचे. पंचाने पेनल्टी दिली ती बरोबर का, लाल कार्ड दाखवलं ते चूक का. आणि हॉल्डेन लोण्यात बुडवलेल्या आवाजात निकाल द्यायचा. निकालाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, की पंचगिरीचा दर्जा आता राहिला नाही, आमच्या काळी असं नव्हतं.

"आमच्या काळी म्हणे," वॉटी चमचा आपटायचा. "ह्याच्या काळात मीपण होतो की. मला विचारा कसा काळ होता ते."

"मग कर ना फोन. नंबर तर सारखे सांगतायत."

"मी त्याला फोन करू? रांगेत थांबून?"

"नको करूस. मग गप बस आणि हे गाजर घे किसायला."

वॉटी गाजर किसायचा. हॉल्डेनचं एकेक वाक्य आलं की किसणीवर जोर वाढायचा, आणि शनिवारच्या सूपमध्ये गाजर जरा जास्तच बारीक पडायचं. डॉक्टरांनी छातीतल्या जळजळीसाठी पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्या कुठपर्यंत पोचणार हे एफीला ठाऊक होतं, म्हणून तिने त्या संपल्या तेव्हा पुन्हा आणल्या नाहीत.

जळण्यासारखं नव्हतं काय त्या माणसाकडे? साठी उलटली तरी डोक्यावर दाट केस. वॉटीचं टक्कल पस्तिशीतच पडलेलं. समुद्रकाठी घर, घराच्या भिंतीवर इटली-पोर्तुगालच्या मोठमोठ्या मैदानांतले फोटो, अंगात उंटाच्या रंगाचा कोट. वॉटीने आयुष्यभर किलमॉरीच्या मुख्य रस्त्यावरच्या एका चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. फ्रेमा वाकवायच्या, नाकावर बसवून बघायच्या, कानामागे टोचतं का विचारायचं. चष्मेवाला माणूस शनिवारी पंच म्हणून मैदानात उतरतो, ह्याहून मोठं सुख प्रेक्षकांना काय असणार? "वॉटी, दुकानातून एक स्वतःसाठीपण घेऊन ये रे," हे वाक्य त्याने इतक्या मैदानांवर ऐकलं होतं की ते ऐकू आलं नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

केस, कोट, घर ह्यांवर तो उघड जळायचा. हॉल्डेनला एक मुलगी होती आणि आपल्याला मूल नव्हतं, ह्यावर तो एफीसमोर कधी बोलला नाही.

आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक हात होता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय वॉटी पर्डी कळायचा नाही.

तरुणपणी दोघं एकाच वर्षी पंचाच्या परीक्षेला बसले. दर मंगळवारी वॉटीच्या आईच्या स्वयंपाकघरात टेबलावर नियमांचं पुस्तक ठेवून ते एकमेकांची उजळणी घ्यायचे. रॉडीला पळणं सुंदर जमायचं, पण नियम डोक्यात टिकत नसत. वॉटी तेच ते पुन्हा म्हणून घ्यायचा, आणि आई दोघांपुढे साखरेच्या वड्या ठेवायची. त्यातला एक नियम असा. काही फ्री किक अप्रत्यक्ष असतात. म्हणजे चेंडू थेट गोलात मारून भागत नाही, मध्ये आणखी कुणाचा तरी पाय लागावा लागतो. ही किक तसली आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून पंच एक हात सरळ वर धरतो आणि दुसऱ्याचा स्पर्श होईपर्यंत तो खाली आणत नाही. हात वर असताना चेंडू थेट आत गेला, तर गोल नाही. पण पंचाचाच हात खाली असेल आणि चेंडू थेट आत गेला, तर? तर चूक पंचाची. गोलही नाही आणि बचाव करणाऱ्यांना चेंडूही नाही. किक पुन्हा घ्यायची.

"हे कधी कुणाच्या नशिबी येत असेल का रे?" रॉडीने वडी तोंडात टाकत विचारलं होतं.

ते वॉटीच्या नशिबी आलं. कपचा उपांत्य सामना होता, पाऊस आडवा मारत होता. वॉटी मध्ये पंच आणि रेषेवर झेंडा घेऊन रॉडी. वॉटीने अप्रत्यक्ष किक दिली, शिट्टी वाजवली, आणि शिट्टी ओल्या बोटांतून निसटली म्हणून ती धरायला हात खाली आणला. तेवढ्यात चेंडू सरळ जाळ्यात. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. हात वरच होता असं भासवून तो मोकळा होऊ शकला असता. त्या पावसात कोण बघणार होतं? त्याने छातीवर हात ठेवला, चूक माझी म्हणून सांगितलं आणि किक पुन्हा घ्यायला लावली. दुसऱ्यांदा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि तो संघ हरला.

सामन्यानंतर निरीक्षक पंचांच्या खोलीत आला. हा निरीक्षक म्हणजे पंचांना गुण देणारा माणूस; त्याच्या गुणांवर कोण वर जाणार हे ठरायचं, आणि त्या वर्षी वरच्या यादीत एकच जागा होती. निरीक्षक आपल्या काळातला गाजलेला पंच होता आणि ते विसरू देत नसे. "पुन्हा किक? हे कुठून काढलंस?" त्याने विचारलं. माझा हात खाली आला होता, मीच पाहिलं, असं सांगून वॉटीने नियम म्हणून दाखवला. निरीक्षक दोन्ही लाइन्समनकडे वळला. "तुम्ही ऐकलाय का असा नियम?" एक म्हातारा होता, त्याने खांदे उडवले. रॉडी हॉल्डेनने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "असा नियम माझ्या तरी ऐकिवात नाही, सर."

वॉटीला गुण मिळाले ते हसण्याजोगे. जागा हॉल्डेनला मिळाली. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला, विमानात बसला. वॉटी गुडघे जाईपर्यंत खालच्या विभागांत शिट्टी वाजवत राहिला. निरीक्षकाला नंतर कुणीतरी पुस्तक दाखवलं म्हणतात. त्यावर तो काय म्हणाला ते वॉटीपर्यंत कधी आलं नाही.

गुडघे गेल्यावर वॉटी स्वतःच निरीक्षक झाला. तोपर्यंत फुटबॉलची रया गेलेली होती. पूर्वी शनिवारी दुपारी किलमॉरीत लग्न काढायची कुणाची टाप नव्हती, कारण अर्धा गाव किलमॉरी थिसल ह्या आपल्या संघाच्या मैदानावर असे. आता लोक पबमध्ये बसून मोठ्या पडद्यावर इंग्लंडचे सामने बघतात. तरुण पोरं पंच व्हायला येतात आणि मैदानाबाहेरच्या आयाबापांच्या शिव्या खाऊन वर्षभरात शिट्टी परत करून जातात. पंच कमी, निरीक्षक त्याहून कमी.

थिसलचंच बघा. हा सभासदांचा क्लब होता. वर्षातून एकदा गावच्या हॉलमध्ये सभा भरायची, लोक हात वर करून कार्यकारिणी निवडायचे, आणि हातात विणकाम घेतलेल्या म्हाताऱ्या बायका खजिनदाराला फाडून खायच्या. मग स्टँडचं छप्पर गळायला लागलं आणि डंक टेनंट आला. टेनंट कॅरव्हॅन विकायचा. त्याने छप्पर दुरुस्त केलं आणि त्याबदल्यात क्लब घेतला. त्यानंतर सभा नाही, हात वर करणं नाही. मेहुणा प्रशिक्षक, मुलगा जाहिरातीचा प्रमुख. गवत काढून हिरवं प्लास्टिक अंथरलं. थिसल घसरत घसरत विभागाच्या तळाला येऊन टेकलं, आणि टेनंट दर सोमवारी स्थानिक पेपरात पंचांना शिव्या देऊ लागला.

अशा वेळी वॉटीला असोसिएशनमधून फोन आला. हंगामातला शेवटचा शनिवार, किलमॉरी थिसल विरुद्ध इन्व्हरलूर. थिसलने बरोबरी साधली तर ते विभागात टिकणार, हरले तर खाली जाणार. निरीक्षकाला त्याच्याच गावी पाठवत नाहीत, पण दुसरा कोणी मोकळा नव्हता.

"पंच कोण आहे?" वॉटीने विचारलं.

"इशबेल हॉल्डेन. तिच्या गुणांचा हा शेवटचा सामना, वॉटी. तुमच्याकडून चांगले गुण आले तर पोरगी पुढच्या हंगामात सगळ्यात वरच्या यादीत. नाही आले तर मग राहिलं. तुम्हाला जमेल ना?"

"का नाही जमणार?" वॉटी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एफीने सगळं ऐकलं होतं. "नाही म्हणून कळव," ती म्हणाली.

"का?"

"का ते तुला माहितीये. त्याचं नाव निघालं की तुला भाजी तिखट आहे की अळणी ते कळत नाही. आणि तू त्याच्या लेकीला गुण देणार?"

"मी पुस्तकाप्रमाणे देणार."

"पुस्तकाप्रमाणेच देशील रे. पण ते पुस्तक हातात धरणारा माणूस कोण आहे?"

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. हॉल्डेनच्या घरातलं काहीतरी आयुष्यात प्रथमच त्याच्या मुठीत आलं होतं. त्या आठवड्यात तो छान झोपला आणि शनिवारी दाढी करताना चक्क गुणगुणला. एफीने ते ऐकलं आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

निरीक्षक गर्दीत बसतो. मी आलोय असं सांगत फिरत नाही. वॉटी स्टँडमध्ये वरच्या रांगेत, खांबाआड न येणारी जागा धरून बसला. हातात गरम मटण-पाई, गुडघ्यावर मफलर. लोकांनी त्याला ओळखलंच. "काय वॉटी, पुसून आणलास का चष्मा?" असा एक आवाज आला आणि त्याला बरं वाटलं.

इशबेल हॉल्डेन मैदानात आली. बापासारखी उंच, बापासारखीच पळायची ढब. त्या पळण्याकडे बघूनच वॉटीच्या तोंडातली पाई कडू झाली. तो चुका शोधायला बसला. माणूस चुका शोधायलाच बसला की त्या सापडतात, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. पण ही पोरगी सापडू देईना. ती नेमकी हवी तिथे असायची. खेळाडूंशी हळू बोलायची आणि ते ऐकायचे. थिसलच्या आडदांड बचावपटूला तिने एक नजर दिली आणि तो लहान मुलासारखा मागे सरला. हे वॉटीला कधी जमलं नव्हतं. त्याच्यावर खेळाडू ओरडायचे आणि तो त्यांच्यावर ओरडायचा. मध्यंतरापर्यंत त्याच्याकडे तिच्याविरुद्ध टिपण्यासारखं काही नव्हतं, आणि ह्याचा त्याला मनस्वी राग आला होता.

सामना शून्य-शून्य चालला होता. थिसल वाचणार असं दिसू लागलं, म्हातारे घड्याळाकडे बघू लागले. आणि थिसलच्या गोलरक्षकाने घात केला. आपल्याच बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू त्याने घाबरून हातात उचलला, आणि तसं केलेलं चालत नाही. इशबेलने शिट्टी मारली. इन्व्हरलूरला अप्रत्यक्ष किक, तीही गोलाच्या तोंडाशी. थिसलचे सगळे खेळाडू गोलरेषेवर भिंत करून उभे राहिले.

तिने हात वर धरला. शिट्टी वाजली. त्याच क्षणी भिंतीतला एक थिसलवाला इन्व्हरलूरच्या माणसाचा शर्ट ओढू लागला. इशबेलने त्यांच्याकडे बोट केलं. त्याच हाताने. इन्व्हरलूरच्या खेळाडूने चेंडू हाणला आणि तो भिंतीतून, कुणाला न लागता, थेट जाळ्यात गेला.

वॉटी उभा राहिला. त्याचा स्वतःचाच हात खाली आल्यासारखा त्याला वाटला. बोटांना पाऊस लागला, शिट्टी निसटली, सगळं झालं.

इन्व्हरलूरवाले नाचत होते. थिसलवाले ओरडत होते, "अप्रत्यक्ष आहे, थेट गेला, गोल नाही, चेंडू आमचा." स्टँडमध्ये सगळे तेच ओरडत होते. तिला एवढंच करायचं होतं, की गोल नाही म्हणून सांगायचं आणि चेंडू थिसलला द्यायचा. सगळं गाव खूश झालं असतं. तिचा हात खाली होता हे कुणी पाहिलं होतं? वॉटीने पाहिलं होतं. 'दे थिसलला,' तो मनात म्हणाला. 'दे ना गं. लपव.' तिने लपवलं असतं तर तो तिला बुडवू शकला असता, आणि शांत झोपू शकला असता.

इशबेलने छातीवर हात ठेवला, चूक आपली असल्याची खूण केली आणि बोट पुन्हा त्याच जागी रोखलं. किक परत घ्यायची.

दुसऱ्यांदा तिचा हात खांबासारखा वर राहिला. इन्व्हरलूरच्या एकाने चेंडू हळूच ढकलला, दुसऱ्याने मारला, गोल झाला. सामना संपला. किलमॉरी थिसल खाली गेलं.

त्यानंतर तिथे जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. प्लास्टिकच्या हिरवळीवर अर्धवट खाल्लेल्या पाई आणि चहाचे कप येऊन पडले, आणि तिला चार माणसांच्या कड्यातून आत न्यावं लागलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायकांच्या तोंडून वॉटीने असे शब्द ऐकले की त्यांना ते येतात हेच त्याला नवीन होतं.

निरीक्षकाने पंचाकडे जाण्याआधी थोडा वेळ जाऊ द्यायचा, अशी पद्धत आहे. वॉटी पाहुण्यांच्या खोलीत चहा घ्यायला गेला. टेनंट वाटच बघत होता. त्याने वॉटीच्या खांद्याभोवती हात टाकला.

"वॉटी, दोस्ता, तू इथलाच. पाहिलंस ना? पुन्हा किक! हे काय नवीन? गोल दे नाहीतर नको देऊस. पुन्हा कसली किक?"

"मी गुण देतो, मिस्टर टेनंट. सामना बदलत नाही."

"सामन्याचं मी बघतो. मी असोसिएशनकडे तक्रार करणार, सामना पुन्हा खेळवा म्हणून. तू फक्त लिही, की असा नियम नाही. निरीक्षकानेच लिहिलं की मग काम सोपं. तू एवढं कर, पुढच्या हंगामापासून समोरच्या रांगेत तुझी खुर्ची. तुझ्या नावाची पाटी लावून. मरेपर्यंत."

"आणि नियम असला तर?"

टेनंट हसला. "कुणाला माहितीये रे?"

खोलीच्या कोपऱ्यात रेडिओ चालू होता. कार्यक्रम सुरू झाला होता, आणि पहिलाच फोन किलमॉरीहून होता. मैदानाबाहेर उभं राहून कुणीतरी सगळा प्रकार रंगवून सांगत होतं. निवेदकाने खट्याळपणे विचारलं, "रॉडी, पंच तर तुमच्याच घरातली आहे. तुम्हीच सांगा. असा नियम आहे?"

खोलीतले सगळे रेडिओकडे वळले. वॉटीने कप खाली ठेवला. रेडिओवर क्षणभर काही आलं नाही. मग तो लोण्यातला आवाज आला.

"मुलगी माझी असली तरी खोटं बोलणार नाही. असा नियम माझ्या तरी ऐकिवात नाही."

खोलीत टाळ्या पडल्या. कुणीतरी टेबल वाजवलं. टेनंटने वॉटीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घे. बापच बोलला. आता तुला काय अडचण आहे?"

वॉटीला काहीच अडचण नव्हती. त्याने फक्त गप्प राहायचं होतं, जसे त्या दिवशी सगळे राहिले होते. म्हाताऱ्या लाइन्समनसारखे खांदे उडवायचे होते. हॉल्डेनच्या पोरीला हॉल्डेनच्याच शब्दांनी बुडवायचं, ह्याहून गोड काय असतं? आणि ते शब्द तरी कसे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माणसाने इतक्या वर्षांत निदान खोटं तरी नवीन शिकावं.

तो पंचांच्या खोलीकडे निघाला. टेनंट आणि त्याचा मेहुणा मागोमाग आले आणि दाराशी थांबले. दार अर्धवट उघडंच होतं.

आत इशबेल बाकावर बसली होती. एक बूट काढलेला, एक पायातच. दोन्ही लाइन्समन भिंतीकडे बघत उभे होते. भिंत पातळ होती. पलीकडच्या खोलीतला रेडिओ इथेही ऐकू येत होता. म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

"मिस्टर पर्डी," ती उठायला लागली.

"बस, बस." त्याने नेहमीसारखी खुर्ची ओढली. "ती किक. का पुन्हा घ्यायला लावलीस?"

"माझा हात खाली आला होता."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

वॉटीच्या छातीत असं काही जळलं की त्याला वाटलं आता इथेच आडवा होणार. हेच उत्तर त्यानेही दिलं होतं. अशाच बाकावर बसून, अशाच एका माणसाला. आणि त्या माणसाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं होतं. ही पोरगी तेच बोलणार आणि तिला वरची यादी मिळणार, मोठी मैदानं मिळणार, भिंतीवर फोटो लागणार. का? तिने काय वेगळं केलं होतं? काहीच वेगळं केलं नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला, बापाचा कधी वाटला नव्हता इतका.

तो लाइन्समनकडे वळला. "तुम्हाला माहितीये हा नियम?"

एकाने खांदे उडवले. दुसरा तरुण होता, त्याने बुटांकडे पाहिलं. अर्धवट दारातून टेनंटचा आवाज आला, "कुणालाच माहीत नाही, वॉटी. लिहून टाक."

तेव्हा वॉटी पर्डी उभा राहिला आणि त्याने तो नियम म्हणून दाखवला. पुस्तकाबरहुकूम, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, आईच्या स्वयंपाकघरात म्हणायचा तसा. आवाज जरा जास्तच चढला. मैदानावर राहिलेल्या लोकांनाही तो ऐकू गेला म्हणतात.

"हात खाली आला, ती तुझी चूक," तो इशबेलला म्हणाला. "त्याचे गुण जातील. नंतर जे केलंस ते बरोबर. त्याचे गुण मिळतील. आणि मिस्टर टेनंट, तक्रारीत माझं नाव घालायचं असेल तर नियमाचं कलमही घाला. हवं तर सांगतो."

टेनंट काहीतरी पुटपुटला आणि मेहुण्याला घेऊन गेला. खुर्ची आणि पाटीही त्याच्याबरोबर गेली.

इशबेल दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होती. मान खाली होती. "तुम्हाला इतका तोंडपाठ कसा?" तिने विचारलं.

आता. हीच ती जागा. मंगळवार, टेबल, साखरेच्या वड्या, तुझा बाप. चार वाक्यं पुरली असती, आणि चारही खरी. वॉटीने तोंड उघडलंसुद्धा.

"बाबा विसरले असतील," तीच म्हणाली. नाडीची गाठ तिला सुटत नव्हती. "वय झालं त्यांचं. मुद्दाम नाही बोलणार ते असं. माझ्याबाबतीत नाही."

वॉटीने तिच्या बोटांकडे बघितलं. त्या माणसाची बाजू घ्यायलाही कुणी आहे, आत्ता, ह्या क्षणीसुद्धा. ह्याचाही हेवा करायचा राहिला होता, तोही त्याने करून घेतला.

"विसरला असेल," तो म्हणाला.

त्या दुपारचा तेवढाच निर्णय चुकीचा होता, आणि तो वॉटीचा होता.

घरी आला तेव्हा एफीने सूप गरम केलेलं होतं. बातमी त्याच्या आधी पोचली होती. किलमॉरीत बातमीला बस लागत नाही. दारावरून जाणाऱ्या दोघांनी त्याच्या नावाने ओरडून घेतलं होतं, आणि उद्या चर्चमध्ये त्याच्या शेजारी कोण बसणार ह्याचीही एफीला शंकाच होती.

"किती दिलेस?" तिने विचारलं.

"आठ पूर्णांक चार."

"ते चांगले?"

"वर जाईल ती."

एफीने पळी भांड्यात ठेवली. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक येऊ लागलेलं दिसलं, तसा तो खेकसला.

"तसं बघू नकोस. मी काही मोठ्या मनाचा बिनाचा नाही. रस्ताभर जळत आलोय."

"आता कशावर? बाप तर तोंडावर पडला."

"बापावर नाही. पोरीवर."

"तिचं काय आहे रे तुझ्यापेक्षा जास्त?"

रेडिओ बंद होता. वॉटीने ब्रेडचा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"तिच्या खोलीत मी होतो, एफी," तो म्हणाला. "माझ्या वेळी कुणीच नव्हतं."